सरकारला ३० वर्षे, कैद्याला एक

मुदत अधिनियम, १९६३ च्या शेवटी एक परिशिष्ट आहे. तीन रकाने, १३७ अनुच्छेद. पहिल्या रकान्यात दावा कशाचा, दुसऱ्यात तो किती मुदतीत लावायचा, तिसऱ्यात ती मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची. एलएलबीची मुलं हे पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. बाकीच्यांना ते उघडायची वेळच येत नाही. पण त्यातले दोन अनुच्छेद शेजारी-शेजारी ठेवून बघा. अनुच्छेद ११२: सरकारला कोणावर दावा लावायचा असेल तर मुदत ३० वर्षे. अनुच्छेद ७४: एखाद्यावर द्वेषापोटी खोटा खटला भरला गेला, तो निर्दोष सुटला आणि आता त्याला नुकसानभरपाई मागायची असेल, तर मुदत एक वर्ष. वकिलांची फौज, कारकून, तिजोरी, दप्तरखाना हे सगळं ज्याच्या हाताशी आहे त्याला ३० वर्षे.

मी हे परिशिष्ट पहिल्यांदा नीट वाचलं ते गेल्या वर्षी, आमच्या वस्तीतल्या एक मावशी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आल्या तेव्हा. माझा विषय समाजशास्त्र, कायदा नाही. पण वस्तीत जो कॉलेजात गेला तो वकीलही असतो, डॉक्टरही असतो आणि बँकेचा फॉर्म भरणाराही असतो. हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. गायरानाच्या वादातून गावातल्या एका वजनदार माणसाने त्यांच्या मुलावर फिर्याद दिली होती. साडेतीन वर्षांनी मुलगा त्यातून निर्दोष सुटला, पण दुसऱ्या एका प्रकरणात जामीन न झाल्याने आणखी सतरा महिने आतच राहिला. बाहेर आल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्याने फिर्याद देणाऱ्यावर भरपाईचा दावा लावला. कोर्टाने पुरावा ऐकायच्या आधीच तो नामंजूर केला. कारण एका शब्दाचं: मुदतबाह्य. निर्दोष सुटल्याच्या दिवसापासून एक वर्ष हा हिशोब, आणि हा आला एकोणीस महिन्यांनी. आत असताना चौथ्या महिन्यातच त्याने तुरुंगाच्या ऑफिसात हाताने लिहिलेला अर्ज दिला होता, दावा लावायचा आहे, वकील द्या म्हणून. त्याची पोच मात्र त्याच्याकडे नाही.

मावशींचा प्रश्न एवढाच होता: "तो तर आतच होता ना? मग मुदत कोणाची संपली?"

मी त्यांना तेव्हा जे उत्तर दिलं ते कायद्याने बरोबर होतं, आणि मला अजून त्याची लाज वाटते. कायदा असं सांगतो. मुदत अधिनियमाचं कलम ३ म्हणतं की मुदतीनंतर आलेला दावा कोर्टाने फेटाळलाच पाहिजे. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नसला तरीही. कलम ५ मध्ये विलंब माफीची सोय आहे, पण ती अपिलांना आणि अर्जांना आहे, मूळ दाव्याला नाही. म्हणजे अपील करायला उशीर झाला तर कारण सांगता येतं, दावा लावायला उशीर झाला तर कारण सांगायची जागाच नाही. मग कलम ६ उरतं. या कलमात कायदा काही माणसांसाठी घड्याळ थांबवतो. अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालील मूल, आणि मानसिक आजारामुळे किंवा बुद्धीच्या मर्यादेमुळे स्वतःचा व्यवहार पाहू न शकणारी व्यक्ती, यांची मुदत ती अडचण संपल्यावर सुरू होते. या यादीत कैदी नाही.

हा काही निसर्गनियम नाही. इंग्लंडच्या ज्या १६२३ च्या कायद्यापासून मुदतीच्या कायद्याची ही परंपरा सुरू होते, त्यात अज्ञान, वेडसर, विवाहित स्त्री, समुद्रापार गेलेला माणूस यांच्याबरोबर तुरुंगात असलेल्या माणसाचाही उल्लेख होता. ती सवलत पुढे तिथेही टिकली नाही. पण चारशे वर्षांपूर्वीच्या राजाच्या कायद्याला जे दिसलं, ते १९६३ च्या प्रजासत्ताकाच्या कायद्याला दिसलं नाही.

मुदत मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. उलट आपल्या आजोबा-पणजोबांना मुदतीनेच वाचवलं आहे. सावकाराने पंधरा वर्षांपूर्वीच्या अंगठ्याचा कागद काढून कोर्टात जायचं म्हटलं, तर पैशाच्या वसुलीला साधारण तीन वर्षांची मुदत आडवी येते, आणि येऊ दे. साक्षीदार मरतात, कागद कुजतात, माणसाला कधीतरी निश्चिंत झोपता आलं पाहिजे. मुदतीमागचा विचार असा सांगतात की कायदा जागरूक माणसाला मदत करतो, आपल्या हक्कावर झोपून राहणाऱ्याला नाही. ठीक आहे. पण ज्याचा दिवा कधी विझवायचा हे दुसरा ठरवतो, ज्याचा कागद, पेन, पाकीट आणि टपाल दुसऱ्याच्या ताब्यात आहे, त्याला 'झोपून राहिला' म्हणायचं कशाच्या जोरावर?

हा प्रश्न अमेरिकेत आपल्यापेक्षा जास्त वेळा कोर्टासमोर आला आहे. तिथे कैदी स्वतःच्या हाताने खरडून दिवाणी दावे लावतात, हजारोंनी लावतात. तिथल्या तुरुंगातला साधारण तिसरा माणूस काळा आहे, लोकसंख्येत मात्र सातवा-आठवा. त्यामुळे तिथले निकाल आपण दुरून, कुतूहलाने वाचायचे नाहीत.

टेनेसी राज्यातल्या ह्यूस्टन नावाच्या कैद्याचा अर्ज खालच्या कोर्टाने फेटाळला. त्याने आपली शिक्षाच बेकायदा आहे असं म्हटलं होतं. तिथल्या पद्धतीत अशी कारवाई दिवाणी धरतात, आणि तिच्या अपिलाला ३० दिवस असतात. त्याला वकील नव्हता. सत्ताविसाव्या दिवशी त्याने अपिलाची नोटीस तुरुंगाच्या अधिकाऱ्यांच्या हातात दिली, टपालात टाका म्हणून. कोर्टाचा शिक्का पडला एकतिसाव्या दिवशी. अपील मुदतबाह्य. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९८८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो जिंकला. न्या. ब्रेनन यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय कोणत्याही मावशीला समजेल असा आहे. बाहेरचा माणूस कोर्टाच्या खिडकीवर जाऊन शिक्का मारून घेऊ शकतो, टपाल पोचलं की नाही याचा फोन करू शकतो, नाही पोचलं तर शेवटच्या दिवशी स्वतः धावू शकतो. कैदी यातलं काहीच करू शकत नाही. त्याने कागद तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती दिला, की त्याचं काम संपलं. म्हणून तोच दाखल करण्याचा दिवस. तुरुंगात येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाची नोंदवही असते, तेव्हा तारखेवरून भांडायचंही कारण नाही. हा नियम पुढे तिथल्या लेखी नियमावलीत गेला.

इथे थांबलो तर अमेरिकेचं कौतुक होईल. थांबू नका. २००७ मध्ये त्याच न्यायालयासमोर बोल्स नावाच्या ओहायोतल्या कैद्याचं प्रकरण आलं. अर्ज फेटाळल्याची खबरच त्याला वेळेवर मिळाली नव्हती, म्हणून न्यायाधीशांनी अपिलाची मुदत पुन्हा उघडून दिली. नियमाप्रमाणे त्यांना १४ दिवस देता येत होते. त्यांनी आदेशात २७ फेब्रुवारी ही तारीख लिहिली, म्हणजे १७ दिवस. त्याच्या बाजूने नोटीस २६ फेब्रुवारीला दाखल झाली. न्यायाधीशांच्या तारखेच्या एक दिवस आधी, पण नियमाच्या तारखेनंतर दोन दिवस. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की ही मुदत वाढवायचा अधिकारच कोर्टाला नाही. चूक न्यायाधीशाची, आणि ती भोगायची कैद्याने. आपल्याकडे अशा वेळी 'साहेबांची सही आहे ना' असं म्हणायची पद्धत आहे. साहेबांची सही असूनही अपील गेलं.

त्याच्या आदल्या वर्षीचा वूडफर्ड विरुद्ध न्गो हा निकाल आपल्या मुद्द्याला जास्त लागू आहे. न्गो हा कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगातला जन्मठेपेचा कैदी. तुरुंगातल्या काही उपक्रमांत, त्यात धार्मिक उपक्रमही आले, भाग घ्यायला त्याला मनाई झाली. त्याने सुमारे सहा महिन्यांनी तुरुंगाकडेच तक्रार केली. तुरुंगाचा नियम होता की तक्रार कामकाजाच्या १५ दिवसांत करायची. तक्रार उशिराची म्हणून परत आली. मग तो कोर्टात गेला, तर कोर्ट म्हणालं, आधी तुरुंगाची तक्रारव्यवस्था रीतसर पूर्ण वापरून ये. पण ती तर उशिरामुळे बंद झालेली! मधल्या अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला, तो सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी उलटवला. त्याचा घटनेतला हक्क कोर्टात सांगायला एरवी त्याला वर्षं मिळाली असती. ती वर्षं पंधरा दिवसांवर आली. आणि ते पंधरा दिवस ठरवले कोणी? ज्याच्यावर दावा आहे त्या तुरुंगाने.

काही ठिकाणी ही मुदत याहूनही तोकडी आहे. इंडियानात बालसुधारगृहात मारहाण आणि लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगणाऱ्या एका मुलाचा दावा २००५ मध्ये फेटाळला गेला, कारण तिथला नियम कामकाजाच्या दोन दिवसांत तक्रार करायचा होता. त्याच्या आईने अधिकाऱ्यांकडे तक्रारी केल्या होत्या. त्या धरल्या गेल्या नाहीत. कायदा म्हणतो, तक्रार कैद्याने केली पाहिजे.

आता हे असं का झालं, त्याची गोष्ट. कारण इथून पुढे ती आपलीही गोष्ट आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत 'प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म ॲक्ट' झाला. आधी तुरुंगाकडे तक्रार करण्याची सक्ती त्यातूनच आली. तो मंजूर व्हावा म्हणून जे वातावरण तापवलं गेलं, त्यात एक किस्सा सगळ्यांच्या तोंडी होता: एका कैद्याने म्हणे दाणेदार पीनट बटर मागितलं, त्याला गुळगुळीत मिळालं, किंवा उलट, म्हणून तो सरळ कोर्टात गेला. बघा, कैदी कोर्टाचा किती खेळ करतात! न्यूयॉर्कचे अपिलीय न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी मूळ कागद काढून पाहिले. कैद्याने तुरुंगाच्या कँटीनमधून स्वतःच्या पैशांनी दोन बरण्या मागवल्या होत्या. एक चुकीची आली, ती पहारेकऱ्याने परत नेली, उद्या बदलून देतो म्हणाला. त्याच संध्याकाळी कैद्याची बदली दुसऱ्या तुरुंगात झाली. बरणी आली नाही, आणि खात्यातून कापलेले अडीच डॉलरही परत आले नाहीत. तो चवीसाठी भांडत नव्हता, आपले पैसे मागत होता. तुरुंगातल्या कामाला तासाला काही सेंट मिळतात तिथे अडीच डॉलर म्हणजे कितीतरी दिवसांची मजुरी. न्यूमन यांनी हे लिहूनही ठेवलं. पण तोवर किस्स्याने आपलं काम केलं होतं.

२० मार्च २०१८ आठवतं ना? अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा 'गैरवापर' होतो, या गृहीतावर सर्वोच्च न्यायालयाने त्याचे दात काढले. ते प्रकरणही महाराष्ट्रातलंच, कराडचं. २ एप्रिलला देश बंद झाला, माणसं मेली, मग संसदेने दुरुस्ती केली आणि १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने स्वतःच्या त्या सूचना मागे घेतल्या. दोन देश, दोन कायदे, पण युक्ती एकच आहे: गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्याला आधी खोटारडा ठरवायचं, मग दाराची उंची वाढवायची. मुदत हे त्यातलं सर्वांत सभ्य हत्यार. ते कोणाची जात विचारत नाही, कोणाला खोटारडा म्हणत नाही, फक्त कॅलेंडर दाखवतं.

आपल्याकडे आत कोण आहे ते माहीत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ७५.८ टक्के. दर चारातल्या तिघांवर अजून काहीही शाबीत झालेलं नाही. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग धरले तर आतली दोन तृतीयांशाच्या आसपास माणसं आपली आहेत.

या माणसांचं बाहेर काही चालूच नसतं, अशी एक समजूत आहे. कैदी म्हटला की त्याचा फक्त फौजदारी खटला. पण त्याचं घर असतं, सातबाऱ्यावर नाव असतं, ठेकेदाराकडे थकलेली मजुरी असते, मुलाचा ताबा असतो. तुरुंगाच्या वर्कशॉपमध्ये केलेल्या कामाची मजुरी असते. कैद्यांच्या कामाला वाजवी वेतन द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच म्हटलं आहे. मजुरीच्या दाव्याला तीन वर्षे मुदत. जमिनीचा ताबा परत मिळवायला १२ वर्षे, आणि ती उलटली तर कलम २७ खाली नुसता दावा नाही, हक्कच संपतो. जन्मठेपेच्या कैद्याला निदान १४ वर्षं तरी काढावी लागतात. चुलत्याने किंवा शेजाऱ्याने उघडपणे, आपलाच हक्क सांगून त्याची एकरभर जमीन कसायला घेतली, तर शिक्षा भोगून तो बाहेर येईल तेव्हा ती जमीन कायद्याने त्याची उरलेली नसेल. ही शिक्षा कोणत्याही न्यायाधीशाने त्याला सुनावलेली नव्हती.

३ ऑक्टोबर २०२४ ला पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीनुसार कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. साफसफाई एका जातीला, स्वयंपाक दुसऱ्या जातीला, हे लिहिलेल्या नियमपुस्तिका बदलायला सांगितल्या, रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला. आपण सगळ्यांनी तो निकाल शेअर केला, आणि योग्य केलं. पण जो माणूस २०१० सालापासून आत राहून, जातीमुळे संडास साफ करत आला, त्याने आज भरपाई मागायची म्हटली तर पहिल्याच तारखेला त्याला विचारलं जाईल: इतकी वर्षं काय करत होतास?

याला एक तयार उत्तर आहे: अशांसाठी रिट याचिका आहे की. आहे. बिहारच्या रुदुल साह यांना ३ जून १९६८ ला निर्दोष सोडलं गेलं, आणि ते तुरुंगाबाहेर आले १६ ऑक्टोबर १९८२ ला. चौदा वर्षं. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थेट रिटमध्येच ३५,००० रुपये भरपाई द्यायला लावली, आणि त्याहून जास्त हवं असेल तर दिवाणी दाव्याची वाट मोकळी ठेवली. हा निकाल महत्त्वाचाच आहे. पण रिट हा न्यायालयाच्या मर्जीचा दरवाजा आहे. त्यासाठी कोणीतरी बातमी छापावी लागते, कोणीतरी वकील उभा राहावा लागतो, आणि वस्तुस्थितीबद्दल वाद निघाला की न्यायालय सांगतं, दिवाणी कोर्टात जा. फिरून पुन्हा त्याच कॅलेंडरपाशी.

दिवाणी कोर्टाची ताकद आपल्या चळवळीला अनोळखी नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गेलो म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी बाबासाहेबांवर दिवाणी दावा लावला. त्यात मनाईहुकूम मिळवला, आणि तो दावा मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघायला १७ मार्च १९३७ उजाडला. तळ्याचं पाणी दहा वर्षं एका दिवाणी दाव्यात अडकलं होतं. ज्यांच्याकडे वेळ आहे, त्यांच्यासाठी दिवाणी कोर्ट किती सोयीचं असतं, हे यापेक्षा वेगळं काय सांगू?

आता दिवाणी प्रक्रिया संहिता बघा. तिच्या आदेश ५, नियम २४ मध्ये लिहिलं आहे की प्रतिवादी तुरुंगात असेल, तर समन्स तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे द्यावं आणि त्याने ते कैद्याला बजवावं. म्हणजे कैद्यावर दावा लावायचा असेल, तर बाहेरून आत जायची वाट कायद्याने नीट बांधून ठेवली आहे. फौजदारी अपिलासाठी आतून बाहेर यायची वाटही आहे: जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८३ प्रमाणे कैद्याने अपील तुरुंगाधिकाऱ्याकडे द्यायचं आणि त्याने ते कोर्टात पाठवायचं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती सोय ठेवली आहे. फक्त कैद्याला कोणावर दिवाणी दावा लावायचा असेल, तर त्याचा कागद बाहेर यायला वाट नाही. तो इतरांसारखाच, जणू सकाळी अकराला कोर्टाच्या फायलिंग काउंटरवर चालत जाणार आहे, असं धरलं आहे. विधी सेवा प्राधिकरणांच्या १९८७ च्या कायद्यात कैदी, तसंच अनुसूचित जाती-जमातीची कोणतीही व्यक्ती, मोफत वकिलाला पात्र आहे आणि त्यात दिवाणी काम येतं. पण तुरुंगात येणारा विधी सेवेचा वकील जामिनाबद्दल बोलतो. त्याचंही चूक नाही. एका भेटीत किती जणांना किती मिनिटं देणार?

घड्याळ थांबवणं अशक्य आहे, असंही नाही. २३ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने आपणहून देशभरातली मुदत थांबवली. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या हिशोबातून वगळला गेला. का? कारण माणसं घरात बंद आहेत, बाहेर पडू शकत नाहीत, कोर्टाच्या दारापर्यंत पोचू शकत नाहीत. बंद माणसाची मुदत मोजणं अन्याय आहे, हे तत्त्व देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आहे, आणि ते मोठ्या कंपन्यांपासून भाडेकरूंपर्यंत सगळ्यांना लागू केलं. दोन वर्षं आपण सगळे बंद होतो तर घड्याळ थांबलं. जो दहा वर्षं बंद आहे त्याचं चालूच.

आपण पहिल्या पिढीत शिकलेली माणसं मुदतीला फार घाबरतो. जात पडताळणीचं प्रमाणपत्र वेळेत आलं नाही म्हणून प्रवेश गेलेले, शिष्यवृत्तीचं पोर्टल शेवटच्या रात्री बंद पडलेले आपल्यातच आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या मजुराच्या दलित मुलाला आयआयटी धनबादमधली जागा सर्वोच्च न्यायालयाने परत दिली. १७,५०० रुपयांची फी तो संध्याकाळी पाचच्या आत भरू शकला नव्हता. आपण त्या मुलाला एका क्षणात ओळखलं. कैद्याला ओळखायला मात्र आपल्याला वेळ लागतो. आपल्यात शिकून वर आलेल्यांना तुरुंग हा शब्द घरात नको असतो. मलाही नको होता. मावशींच्या मुलाचं नाव घेताना मी आवाज खाली आणला होता, हे मला नंतर जाणवलं.

मागणी काय करायची? एक उघड आहे: कलम ६ च्या यादीत तुरुंगात असलेली व्यक्ती घाला. मुदत हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे संसदेची वाट न पाहता एखादं राज्यही राष्ट्रपतींच्या संमतीने हे करू शकतं. कोणी म्हणेल, मग जन्मठेपेचा कैदी वीस वर्षांनी येऊन दावे लावेल. लावू दे; सरकारला तीस दिली आहेत, तेव्हा जुने कागद कुजतात ही काळजी कोणाला वाटली नाही.

पण त्याहून लहान आणि लगेच होण्यासारखं एक काम आहे. संहितेचा आदेश ४, नियम १ म्हणतो की दावा कोर्टात किंवा कोर्टाने त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे सादर करायचा. नेमलेला अधिकारी. तो कोर्टाच्या इमारतीतच बसला पाहिजे, असं माझ्या वाचनात तरी कुठे दिसत नाही. कारागृह अधीक्षकाला किंवा तुरुंगात येणाऱ्या विधी सेवेच्या वकिलाला असा अधिकारी नेमलं, तर कैद्याने कागद हातात दिला तोच दावा दाखल झाल्याचा दिवस ठरेल. ह्यूस्टनला जे मिळवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, ते इथे एका परिपत्रकाने होईल. संहितेच्या कलम १२२ खाली उच्च न्यायालयांना असे नियम करण्याचा अधिकार आहेच. देशात २५ उच्च न्यायालयं आहेत, एकाने सुरुवात केली तरी पुरे. ज्यांचे मित्र वकिली करतात त्यांनी हा नियम त्यांच्यापुढे ठेवावा. माझं वाचन चुकत असेल तर त्यांनी सांगावं, पण मग दुसरी वाटही सांगावी.

आणि तोवर पोच. तुरुंगाच्या ऑफिसात दिलेल्या प्रत्येक कागदाची तारीख घातलेली, शिक्का मारलेली पोच मागायची. मुलाखतीला जाणाऱ्या घरच्या माणसांनी विचारायचं: काही लिहून दिलंस का, कोणाकडे दिलंस, कोणत्या तारखेला? वहीत लिहून ठेवायचं, आणि त्याच आठवड्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे रजिस्टर्ड पोस्टाने एक पत्र टाकायचं. अपिलाच्या वेळी विलंब माफीच्या अर्जाला हेच कागद लागतात.

मावशींच्या मुलाने दावा नामंजूर झाल्यावर अपील केलं आहे. अपिलाच्या मेमोत वकिलांनी मुद्दा घेतला आहे की तुरुंगाचं आवक-जावक रजिस्टर मागवून घ्यावं. त्या रजिस्टरात चौथ्या महिन्यातल्या अर्जाची नोंद सापडली, तरी कलम ६ आहे तसंच आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.